आधी घरातला डबा बघा

मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीत विहाराच्या बाजूच्या खोलीचं दार उघडतं. आत एक टेबल, सहा खुर्च्या, वजनकाटा, बीपीचं मशीन, एक जाड रजिस्टर आणि कोपऱ्यात चहाची शेगडी. दारावर पाटी नाही. वस्तीत सगळे या जागेला 'टेबल' म्हणतात. "टेबलावर जाऊन ये" एवढं म्हटलं की कळतं. इथे यायला चिठ्ठी लागत नाही, ओळख लागत नाही, आजारी असावं लागत नाही. कोणी रेशन कार्ड घेऊन येतं, कोणी दवाखान्याची फाईल, कोणी नुसतंच बसायला. चहा सगळ्यांना मिळतो.

टेबलामागे आम्ही चौघं असतो. एक निवृत्त शिक्षिका, एक ऑटो चालवणारे भाऊ, कॉलेजात शिकणारा एक मुलगा, आणि हे लिहिणारी नर्स. जीएनएमचा डिप्लोमा घेऊन आम्ही बरीच वर्षं वॉर्डात आणि टीबीच्या केंद्रावर काम केलं. औषधाचं सगळं आपल्याला कळतं, असं तेव्हा वाटायचं. टेबल सुरू झाल्यावर पहिल्याच पावसाळ्यात तो समज मोडला.

एक बाई आल्या. नवरा सेंट्रिंगच्या कामाचा, रोज ठिय्यावर उभा राहणारा. त्याला टीबी निघाला होता. दीड महिना गोळ्या घेतल्या आणि सोडल्या. बाई म्हणाल्या, "ताई, तुम्ही सांगून पाहा त्यांले. माझं तर ऐकतच नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही घरी गेलो आणि वॉर्डात वर्षानुवर्षं जे केलं होतं तेच केलं. रागावलो. डोस चुकवला तर जंतू औषधाला जुमानत नाही, मग साधा टीबी राहत नाही, लेकरांना लागण होईल, सगळं सांगितलं. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. तो खाली मान घालून ऐकत राहिला. आम्ही उठलो तेव्हा एवढंच म्हणाला, "गोळी खाल्ली का पोटात आग पडते, सिस्टर."

आम्ही म्हणालो, "होतं थोडं तसं. पण घ्यायच्याच."

त्या घरात भिंतीला लागून चार डबे होते. त्या डब्यांसमोर बसून आम्ही पाऊण तास आरोग्यशिक्षण दिलं आणि एकही डबा उघडून बघितला नाही. पाच माणसांच्या त्या घराचं रेशन चार महिन्यांपासून बंद होतं. त्याचं काम सुटलं होतं. बाई दोन घरची धुणीभांडी करत होत्या. चूल दिवसातून एकदा पेटायची आणि ताट आधी मुलांसमोर जायचं. हे आम्हाला नंतर कळलं. तोवर तो गावी निघून गेला होता. पुढच्या उन्हाळ्यात त्याला परत आणलं तेव्हा उशीर झाला होता. तो गेला.

टीबीच्या कार्डावर अशा माणसाच्या नावापुढे पूर्वी 'डिफॉल्टर' लिहायचे. म्हणजे उपचार चुकवणारा. आम्ही आमच्या हाताने तो शब्द किती जणांपुढे लिहिला असेल, मोजता येणार नाही. त्या घरी पाऊण तास बसून डबा न उघडणारे आम्ही, मग आमच्या नावापुढे काय लिहायचं?

भूक आणि टीबी एकाच घरात राहतात

हा आमच्या एका वस्तीचा अनुभव आहे असं कोणी म्हणेल. म्हणून झारखंडचा दाखला देतो. तिथल्या चार जिल्ह्यांत २,८०० टीबी रुग्ण आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसं यांचा एक मोठा अभ्यास झाला. औषध सगळ्या रुग्णांना होतं. सोबत प्रत्येक रुग्णाला दर महिन्याला धान्य दिलं: तांदूळ, सत्तू, दूध पावडर, तेल, सगळं मिळून १० किलो. फरक पुढे होता. अर्ध्या भागात घरातल्या बाकी माणसांनाही माणशी ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिली, उरलेल्या अर्ध्या भागात ती दिली नाही.

निकाल २०२३ साली प्रसिद्ध झाले. ज्या घरांत सगळ्यांना धान्य मिळालं, तिथे घरातल्या माणसांना नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी निघालं. ज्या रुग्णांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यू बरेच कमी झाले. पाच टक्के म्हणजे चाळीस किलोच्या माणसाला फक्त दोन किलो. तांदूळ आणि डाळीने टीबी अडवला, असा त्याचा साधा अर्थ. आपल्या आजीला हे अभ्यासाशिवाय माहीत होतं. आम्ही नर्स होऊन विसरलो होतो.

इथे एक खबरदारी सांगायलाच हवी. टीबीच्या गोळ्या चालू असताना उलटी होते ती दर वेळी उपाशीपणामुळेच असं नाही. उलट्या थांबत नसतील, भूक पार मेली असेल, डोळे पिवळे दिसत असतील, तर ते यकृतावर परिणाम झाल्याचं लक्षण असू शकतं. त्याच दिवशी दवाखान्यात जा. लघवी नारिंगी झाली तर घाबरू नका, ती एका गोळीचा रंग असतो. गोळी उपाशीपोटी सोसत नसेल तर थोडं खाऊन घेता येईल का, हे टीबी केंद्रावर विचारा. मनाने गोळी बंद करू नका. साध्या टीबीचा उपचार सहसा सहा महिन्यांचा असतो. दोन महिन्यांत बरं वाटायला लागतं आणि तिथेच बहुतेकांचा पाय घसरतो.

चार प्रश्न

त्या माणसाच्या मृत्यूनंतर आम्ही टेबलाची पद्धत बदलली. आता कोणीही आलं, कशासाठीही आलं, तरी चहा पिता पिता चार गोष्टी विचारतो. आज घरात काय शिजलं? रेशनला अंगठा लागतो का? घरात कोणाची कोणती गोळी चालू आहे? लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर अंगणवाडीत नाव आहे का?

या चार प्रश्नांनी कितीतरी दारं उघडली. अंगठ्याचंच घ्या. सिमेंट कालवून, भांडी घासून बोटांच्या रेषा झिजतात. मशीन म्हणतं, हा माणूस तो नव्हेच. एक आजी तीन महिने कंट्रोलच्या दुकानातून रिकामी पिशवी घेऊन परत येत होत्या. "मशीन मले ओळखत नाही म्हणते पोरी, आता म्यां काय करू?" नुसता ठसा जुळला नाही म्हणून धान्य नाकारू नये, अशा केंद्र सरकारच्या सूचना आहेत. पण हे आजींनी एकटीने दुकानात सांगून कोण ऐकणार? आमचा कॉलेजचा मुलगा सोबत गेला. आधी दुसरी बोटं लावून बघितली. मग आधार केंद्रावर ठसे नव्याने दिले. पुरवठ्याच्या झोन ऑफिसात लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. सगळं मिळून चार चकरा. पाचव्या वेळी आजी तांदूळ घेऊन आल्या आणि आधी टेबलावर पिशवी ठेवून दाखवून गेल्या.

सातव्या महिन्याची एक मुलगी आली ती भाड्याच्या खोलीचं काहीतरी विचारायला. चेहरा पांढराफटक. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ७.४. लोहाच्या गोळ्या घरी होत्या, पण त्या ती चहाबरोबर घ्यायची. चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबूपाण्याबरोबर घ्यावं, चहा दोन तास लांब ठेवावा, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. अंगणवाडीत नावही नव्हतं, कारण ती भंडाऱ्याहून आलेली, आणि "आपण इथल्या नाही" असं तिचं तिनेच ठरवलं होतं. आम्ही तिला अंगणवाडी सेविकेकडे नेलं, घरी न्यायचा आहार सुरू झाला. डागा स्त्री रुग्णालयात नाव घातलं. बाळ अडीच किलोच्या वर भरलं.

आणि सिकलसेल. विदर्भातल्या आपल्या घरांत हा आजार आहे, लपवून चालणार नाही. एक मुलगा दर हिवाळ्यात हातपाय दुखून तळमळायचा. घरचे त्याला वाताचं समजून प्रत्येक वेळी खाजगीत इंजेक्शन द्यायचे आणि त्यासाठी उधारी करायचे. तपासणीत सिकलसेल निघाला. सरकारी दवाखान्यात याची तपासणी आणि औषधं मोफत आहेत, सरकारी रक्तपेढीतून रक्तही पैसे न घेता मिळतं. भरपूर पाणी, थंडीपासून जपणं, आणि ताप आला तर घरी न थांबता दवाखाना, एवढं पाळलं तरी पोराचे बरेच दिवस सुखाचे जातात. २०१६ च्या कायद्यात सिकलसेलची नोंद दिव्यांगत्वात आहे, त्यामुळे तपासणी करून प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. लग्न जुळवताना पत्रिका नको, दोघांचा सिकलसेलचा रिपोर्ट बघा. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते.

रांग आणि उसनं

दुसऱ्या वर्षी एका सज्जन गृहस्थांनी ५० घरांसाठी धान्याचे किट दिले. मन मोठं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण वाटप मोकळ्या मैदानात झालं. बायांना रांगेत उभं केलं, किट हातात देताना फोटो काढले. बायांनी पदर तोंडावर ओढले होते. ज्या दोन घरांना सगळ्यात जास्त गरज होती, ती त्या दिवशी आलीच नाहीत. त्यातल्या एक म्हणाल्या, "पोरगी कॉलेजात जाते ताई. तिच्या मैत्रिणीच्या मोबाईलवर माझा फोटो गेला तर?"

त्या दिवसापासून टेबलाचा नियम आहे: रांग नाही, फोटो नाही, भिंतीवर नावांची यादी नाही. वस्तीत आधीपासून एक चाल आहे, उसनं घेण्याची. वाटीभर पीठ, कपभर साखर. उसनं मागताना कोणाची मान खाली जात नाही, कारण उद्या समोरचीही आपल्याकडे येणार असते. आम्ही तीच चाल मोठी केली. विहारात एक कोठी ठेवली. वंदनेला येणारं घर जमेल तशी मूठ-दोन मुठी धान्य, डाळ, तेलाची पुडी टाकतं. ज्याला लागेल तो उसनं नेतो. परत कधी करायचं, किती करायचं, कोणी विचारत नाही. गंमत म्हणजे बहुतेक जण परत करतात. न्यायला येतात त्यापेक्षा ताठ मानेने येतात.

पण कोठी म्हणजे काही टेबलाचं मुख्य काम नाही. आठ दिवस चूल पेटती ठेवायची आणि त्या आठ दिवसांत हक्काचं रेशन, हक्काचा उपचार सुरू करून द्यायचा, एवढंच तिचं काम. कोठीवर कायमचं घर चालायला लागलं तर आम्ही कुठेतरी कमी पडलो असं समजतो. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, ते कोणाच्या दयेने मिळालं म्हणून नव्हे. ते पाणी आपलंही होतं. सरकारी धान्य आणि सरकारी औषध यांचंही तसंच आहे.

आम्हाला जमत नाही तेही सांगतो. रोख पैसे आम्ही देत नाही. बचत गटाच्या आणि फायनान्सच्या कर्जात बुडालेल्या घरांना हिशोब मांडून देतो, सोबत जातो, पण कर्ज फेडून देऊ शकत नाही. दारूच्या घरात कधी यश येतं, कधी दार तोंडावर लावलं जातं.

हे तुमच्या हक्काचं, विचारून घ्या

रेशन: अन्न सुरक्षा कायदा २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कार्डाला ३५ किलो धान्य दर महिन्याला मिळतं. २०२३ पासून ते मोफत आहे. कार्डातल्या प्रत्येक माणसाचं ई-केवायसी झालंय का ते दुकानात विचारा, त्याला पैसे लागत नाहीत. तक्रारीचा फोन १९६७.

टीबी: खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त असेल तर थुंकी तपासा. तपासणी आणि औषध मोफत. निक्षय पोषण योजनेत रुग्णाच्या खात्यात महिन्याला १,००० रुपये जमा होतात. नोव्हेंबर २०२४ च्या आधी ते ५०० होते. जमा झाले नसतील तर खात्याला आधार जोडलंय का बघा आणि टीबी केंद्रावर विचारा. फोन १८००-११-६६६६. धान्य देऊ इच्छिणारी व्यक्ती किंवा संस्था 'निक्षय मित्र' म्हणून नाव नोंदवू शकते. आपली विहारंही.

बाळंतपण: पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेत ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात. दुसरी मुलगी झाली तर ६,०००. दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर जननी सुरक्षा योजनेचे पैसे अनुसूचित जातीच्या बाईला मिळतात. अर्जावर नुसतं 'बौद्ध' लिहिल्याने अडवलं तर जातीचा दाखला दाखवा. बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातीच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या आहेत. दाखला काढला नसेल तर बाळंतपणाची वाट बघू नका, आत्ताच काढा.

मोठा आजार: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ठरलेल्या आजारांवर, यादीतल्या दवाखान्यात, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. रेशन कार्ड आणि आधार घेऊन आधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा. पैसे भरण्याच्या आधी भेटा, नंतर नव्हे. फोन १५५३८८. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. मेडिकल आणि मेयो ही कॉलेजची रुग्णालयं दुसऱ्या विभागाखाली येतात, तिथले दर विचारून घ्या.

तुमच्या वस्तीत

अनेक जण विचारतात, असं टेबल सुरू करायला किती खर्च येतो. खोली विहाराची. खुर्च्या मागून आणल्या. वजनकाटा आणि बीपी मशीन वर्गणीतून आलं. खरी गरज आहे ती ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी दार उघडणाऱ्या दोन माणसांची. पाऊस असो, लग्न असो, निवडणूक असो, दार उघडलं पाहिजे. एकदा कोणी धीर करून आलं आणि कुलूप दिसलं, तर ती बाई पुन्हा येत नाही. वेळ संध्याकाळची ठेवा, कारण दिवसा आपल्या बाया कामावर असतात. रजिस्टरमध्ये लिहिलेलं टेबलाबाहेर जाऊ देऊ नका. कोणाला टीबी आहे, कोणाचं घर उपाशी आहे, हे वस्तीत फिरलं की टेबल संपलं. आणि आजारपण बघायला डॉक्टर-नर्स नसली तरी अडत नाही. फाईल वाचता येणारं एक मूल आणि ऑफिसात न घाबरता बसणारं एक मोठं माणूस, एवढ्यावर सुरुवात होते.

मागच्या वर्षी दिवाळीनंतरच्या एका शुक्रवारी त्या सेंट्रिंग कामगाराची बायको पुन्हा टेबलावर आली. सोबत चौदा वर्षांची मुलगी. आम्हाला बघून बाई दारातच थांबल्या. आम्हीही पटकन काही बोललो नाही. मग त्याच म्हणाल्या, "तीन हप्ते झाले, खोकला जात नाही हिचा. बापासारखं नको व्हायले, म्हणून आणली."

थुंकी तपासली. टीबी निघाला. पहिली गोळी सुरू होण्याआधी आम्ही घरी गेलो. या वेळी काही सांगितलं नाही, परवानगी घेऊन डबे उघडले. दोन रिकामे होते. कोठीतून उसनं आलं, बंद पडलेलं रेशन कार्ड दोन महिन्यांत सुरू झालं, पोषणाचे पैसे खात्यात आले. धाकट्या भावाची तपासणी झाली, त्याला प्रतिबंधाच्या गोळ्या चालू आहेत. मुलीचा आता पाचवा महिना आहे. ३३ किलोवरून ३८ वर आली. दर मंगळवारी ती स्वतः काट्यावर उभी राहते आणि आकडा रजिस्टरमध्ये स्वतःच्या हाताने लिहिते.

तिच्या बापाचं पान त्याच रजिस्टरमध्ये, मागे आहे. ते आम्ही फाडलेलं नाही.

जयभीम.